सरकत्या खाचांचे नाना

नट-बोल्टच्या दुकानात बसलेल्या बाईला माणूस फार लवकर कळतो. तो बोल्ट कसा मागतो त्यावरूनच कळतो. ‘मजबूत द्या’ म्हणणारा आतून घाबरलेला असतो. ‘कोणताही द्या हो’ म्हणणारा जेवणाच्या सुट्टीनंतर बदलून घ्यायला हजर. पण ‘भाभी, असा द्या जो रोज सोडता येईल’ असं म्हणणारं गिऱ्हाईक मला जन्मात एकच भेटलं, ते म्हणजे आमच्या शेजारच्या शेडमधले नाना. अहो, बोल्ट आवळायला असतो का सोडायला? सुरुवातीला मी त्यांना हे विचारायचे. नंतर विचारणं सोडून दिलं.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची शेड आणि माझं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही पत्र्याची. आम्ही मारवाडी. घरात मारवाडी बोलतो, दुकानात मराठी आणि भांडताना हिंदी. नाना धरणगावकडच्या खेड्यातले. ते कामगारांशी खान्देशी बोलायचे, माझ्याशी मराठी, आणि मन भरून आलं की परत खान्देशी. काम फायबरचं. कुलरच्या बॉड्या, टाक्यांची झाकणं, देवळांचे कळस. फायबर घट्ट करणाऱ्या त्यांच्या रेझिनचा वास माझ्या चहात यायचा आणि माझ्या गिऱ्हाइकांची भांडणं त्यांच्या कानावर जायची. आता त्या शेडमध्ये चटईवाला आलाय. नाना धुळ्याला देवपुरात मोठ्या बहिणीकडे, अक्कांकडे, राहतात. खुब्याचं ऑपरेशन झालंय, काठीनं चालतात. फोनवर मला सल्ले देणं चालूच असतं. मी त्यांच्याबद्दल ‘होते’ म्हटलं तर चिडतील. पण शेजार गेला की माणूस अर्धा जातोच, त्याला मी काय करू?

लहानपणी त्यांना पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक आणि जरा आखूड. चालताना डावा हात मांडीवर दाबून धरायचा, म्हणजे गुडघा दुमडत नाही, आणि सगळा भार उजव्यावर टाकायचा. त्यामुळे ते कायम डावीकडे वाकलेले. पन्नाशी उलटेपर्यंत असंच चालले. माझ्या काउंटरवरून मला फक्त त्यांचं डोकं दिसायचं, दर पावलाला खाली-वर होणारं. ते दिसलं की मी पोऱ्याला न सांगता स्वतःच चहा मागवायचे, कारण आता तासभर गेला हे नक्की असायचं.

आता खाचेचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा माणूस समजायचा नाही.

कुठलीही वस्तू दुसऱ्या वस्तूला जोडायची तर आपण काय करतो? भोक पाडतो, बोल्ट घालतो, आवळतो. नाना भोक पाडायचे नाहीत. ते लांबट खाच पाडायचे. म्हणजे बोल्ट ढिला केला की वस्तू पुढेमागे सरकवता येते. पिठाच्या चक्कीची मोटर बघा, खाली सरकत्या पट्ट्यांवर बसवलेली असते. पट्टा सैल झाला की मोटर मागे ओढायची आणि बोल्ट आवळायचा. नानांचं म्हणणं, देवानं जगात एकच गोष्ट शहाणपणानं केलीय, ती म्हणजे चक्कीची मोटर. मी म्हटलं, "ती देवानं नाही केली." म्हणाले, "म्हणूनच शहाणपणाची."

त्यांच्या घरातला आरसा खाचेत. ओट्याखालची फळी खाचेत. खुर्चीचे पाय खाचेत, त्यांतला एक कायम वेगळ्या उंचीवर. नव्या पाहुण्याला ठाऊक नसायचं. एकदा विम्याचा माणूस पॉलिसी समजावता समजावता हळूहळू तिरपा होत गेला आणि शेवटी फाइलसकट जमिनीवर आला. नानांनी त्याला उठवलं, कपडे झटकले आणि विचारलं, "तुमचं वजन डावीकडे जास्त आहे का?" तो माणूस परत आमच्या गल्लीत दिसला नाही.

मी एकदा वैतागून विचारलं, "नाना, एवढं सगळं हलतं ठेवून मिळवता काय?"

ते हसले. "भाभी, बठ्ठं जग ज्या मापनं शे, त्या मापना मी नही."

सगळं जग ज्या मापाचं आहे, त्या मापाचा मी नाही. त्यात रडगाणं नव्हतं. आपण चपलेचा नंबर सांगतो ना, तसं सांगितलं. त्यानंतर मी खाचेवरून त्यांना कधी छेडलं नाही. म्हणजे छेडलं, पण कमी.

त्यांचं एक ब्रीद होतं, "घट्ट नंतर, आधी बरोबर." ऐकायला फार छान. पण बरोबर झालं हे ठरवणार कोण? तेच. आणि ते ठरवायचे नाहीत. त्यांच्या गावाजवळच्या एका देवळाचा कळस त्यांनी केला. बुडाशी खाचा होत्याच. कळस चढवायच्या दिवशी मुहूर्त जवळ आला, गुरुजी घड्याळाकडे बघताहेत, गाव माना वर करून उभं, आणि नाना खालून ओरडताहेत, "जरासा पूर्वेला! नाही नाही, परत थोडा मागे!" शेवटी मुहूर्ताला कळस बसला, नारळ फुटला, सगळे जेवायला बसले, आणि वरचे बोल्ट आवळायचं राहूनच गेलं. वैशाखातलं वारं सुटलं तसा कळस ध्वजासकट फिरायला लागला. गाववाल्यांनी तक्रार केली असेल? छे! फवारणीच्या आधी माणसं कळसाकडे बघायला लागली, वारा कुठून आहे म्हणून. नाना आवळायला माणूस पाठवतो म्हणाले तर पाटलांनीच नको सांगितलं. आता बोला!

लग्नाचंही तेच. तिशीत असताना चोपड्याची एक मुलगी सांगून आली होती. मुलीला पसंत, घरच्यांना पसंत. नाना म्हणाले, "थोडे दिवस दखू." तिनं थोडे दिवस वाट बघितली आणि एका मास्तरशी लग्न केलं. हे मला अक्कांनी सांगितलं. नानांनी कधी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. काही बोल्ट हात न लावलेले बरे.

तर, फळीची गोष्ट.

अक्कांची मुलगी, म्हणजे नानांची भाची, समुद्रकाठी पाण्यातले खेळ शिकवायला असते. एका मे महिन्यात तिनं मामाला एक व्हिडिओ पाठवला. दुपारची वेळ, बाहेर नुसता जाळ, दुकानात कुलरसमोर मी आणि मांजर. नाना मोबाइल पुढे धरून आले. "भाभी, हाई दखा."

व्हिडिओत एक माणूस लांबरुंद फळीवर उभा होता. हातात वल्हं. फळीच्या बुडातून एक दांडा खाली पाण्यात गेलेला आणि दांड्याच्या टोकाला पंख, विमानाचा असतो तसा, पण पाण्याखाली. फळीनं वेग घेतला आणि पंखानं तिला उचललं. अख्खी फळी पाण्याच्या वर आली. माणूस हवेत उभा आणि पाण्यात काय, तर एक दांडा! मी म्हटलं, "हे मोबाइलवाले काहीही बनवतात." नानांनी तो व्हिडिओ मला परत परत दाखवला. बोट ठेवलं ते माणसावर नाही, दांड्यावर. "बघा, तो एका पायावर उभा आहे."

आता हे ध्यानात घ्या की नाना पोहायला पट्टीचे. त्यांच्या गावच्या विहिरीत त्यांना हरवणारा कोणी नव्हता. ते म्हणायचे, पाण्यात दोन्ही पाय सारखेच निकामी, हातांचंच राज्य. त्यामुळे त्यांना पाण्याची भीती नव्हती. ही फळीच त्यांना का आवडली, तेही त्यांनी मला समजावलं. लाटांवरच्या बाकीच्या फळ्यांवर म्हणे आडवं पडायचं आणि मग उडी मारून उभं राहायचं. ते त्यांना ह्या जन्मी शक्य नव्हतं. ही फळी रुंद आणि जाड, थांबलेल्या पाण्यातसुद्धा माणसाला पेलते. म्हणजे आधी सावकाश उभं राहा, मग ती पळेल. "पहिल्यांदा कोणीतरी माझा विचार करून काहीतरी बनवलंय," असं म्हणाले. बनवणाऱ्यानं काही यांचा विचार केला नसणार, पण मी मान डोलावली.

घाई होती. आयुष्यभर सगळा भार वाहून त्यांचा उजवा खुबा झिजला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बदलावा लागेल, आणि बदलल्यावर पडायचं नाही. म्हणजे अजिबात नाही. अक्कांनी त्यांच्या मागे लागून दिवाळीनंतरची तारीख घेऊन ठेवली होती. ही तारीखही नानांनी आधी सरकवलेलीच होती. अक्का या वेळी फोनवर स्पष्ट म्हणाल्या, आता सरकवलीस तर मी तुझी बहीण नाही. तेव्हा नानांच्या हातात दिवाळीपर्यंतचे दिवस होते. तेवढ्यात त्यांना त्या फळीवर उभं राहून एकदा पाण्याच्या वर जायचं होतं. एकदाच. नंतर काठी घ्यायला ते तयार होते.

"नाना, डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. "पडलात तर?"

"आत्ता पडायची परवानगी आहे, भाभी. नंतर नाही."

मी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

विकतची फळी मागवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. फायबरवाल्यानं फायबरची वस्तू विकत आणायची म्हणजे हलवायानं पेढे दुसरीकडून घेण्यासारखं. त्यांनी थर्माकोलचे ठोकळे चिकटवून घासले. काय सुरेख आकार काढला होता! मला बोलावून दाखवला. मग त्यावर काचेचं कापड अंथरलं आणि वर त्यांचं नेहमीचं रेझिन ओतलं, ज्यात त्यांनी शेकडो कुलर केले होते. थोड्या वेळानं पत्र्यापलीकडून चर्र असा आवाज आला. मी धावत गेले. फळी कापडाखाली बसत चालली होती, तव्यावर फुगलेली भाकरी बसावी तशी. रेझिननं थर्माकोल खाऊन टाकला होता! नाना हातात ब्रश धरून बघत उभे होते. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. भाचीला फोन लावला तर ती मामापेक्षा जोरात ओरडली, "मामा! थर्माकोलवर इपॉक्सी रेझिन लावतात, इपॉक्सी!" बिचारे नाना. त्यांचं सगळं आयुष्य साच्यात फायबर करण्यात गेलं, आत थर्माकोल कधी घातलाच नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला वाटलं, सुटलो, आता हा नाद जाईल.

नाद कसला जातो! दुसऱ्या दिवशी नवे ठोकळे आले.

पण दुसरी फळी बांधण्याआधी एक गोष्ट ठरवणं भाग होतं. पंख आणि दांडा भाची पाठवणार होती, कुणाचा तरी वापरलेला. हा दांडा फळीला जोडायच्या दोन तऱ्हा असतात आणि दोन्हींसाठी दांड्याचं डोकं वेगळं असतं. कुठलं पाठवू, एवढंच तिला हवं होतं. माझ्या काउंटरवर मोबाइल ठेवून तिला स्पीकरवर घेतलं आणि आमची सभा बसली.

पहिली तऱ्हा खोबणीची. फळीच्या पोटात एक खोबण, आत निमुळती होत गेलेली. दांड्याचं डोकंही तसंच निमुळतं. आत घालायचं आणि वरून बोल्टनं खेचून घ्यायचं. जितकं खेचाल तितकं फसत जातं, कुऱ्हाडीत दांडा बसतो तसं. हलणार नाही, वाजणार नाही, वजनाला हलकं. दुसरी तऱ्हा पट्ट्यांची. फळीच्या बुडात दोन लांब खाचा, एकीशेजारी एक. दांड्याच्या डोक्याला सपाट पत्रा, त्याला चार बोल्ट. बोल्ट ढिले केले की दांडा पुढेमागे वीतभर सरकतो, हवा तिथे आवळायचा.

आता नानांसमोर खाच ठेवल्यावर ते काय निवडणार हे शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणूनच मी खोबणीच्या बाजूनं बोलले. माझा स्वभावच तसा. मी म्हटलं, "एकदा बसलं की बसलं, असं काहीतरी एक तरी करा आयुष्यात. चार बोल्ट म्हणजे ढिले व्हायच्या चार जागा. मी बोल्ट विकते, मला विचारा."

भाची म्हणाली, "मावशीचं खरं आहे मामा. खोबण मजबूत असते. पण ती फळीत एकदा जिथे बसवली तिथे बसवली. जागा चुकली तर फळी फोडावी लागेल."

नाना खुर्चीतून उठले. मग माझ्या दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना, भिंतीपासून दूर जाऊन त्यांनी मांडीवरचा हात काढला आणि दोन्ही हात पुढे धरले. वल्हं धरल्यासारखे. डावा गुडघा लगेच दुमडायला लागला. तो सावरायला त्यांना मागे रेलावं लागलं, उजवीकडे झुकावं लागलं, आणि तरी ते डोलतच राहिले. मी काउंटरवरून झेप घेऊन त्यांचा दंड धरला.

"दखं?" ते म्हणाले. "बाकीच्यांचा भार कुठं पडतो ते बनवणाऱ्याला माहीत असतं. दोन्ही हात सोडून मी कधी उभाच राहिलो नाही. मी कुठं उभा राहीन, ते मला स्वतःला ठाऊक नाही. मग खोबण कुठं पाडू?"

मला गलबलून आलं.  मी मोबाइलकडे वाकून म्हटलं, "पट्ट्यावालं पाठव गं बाई. आणि बोल्ट मी देते, स्टेनलेसचे. तिकडचे कशाला?"

नाना हळूच म्हणाले, "भाभी, त्याला फुलपाखरी नट बसतील का? हातानं सोडता येतील असे?"

"नाही!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

फळी झाली. काय फळी झाली! पट्ट्या नुसत्या थर्माकोलमध्ये बसवल्या तर उपसून येतील, म्हणून नानांनी त्यांच्याभोवती फायबरचा भरीव ठोकळा केला, बुडापासून माथ्यापर्यंत, म्हणजे पंखाचा जोर सगळ्या फळीवर वाटला जाईल. डाव्या पावलाखाली एक चढ दिला, आखूड पायाला पुरेल एवढा. तो मात्र कायमचा चिकटवला. मी बघून म्हटलं, "याला खाच नाही?" म्हणाले, "पाय किती आखूड आहे ते माहीत आहे ना मला."

दसऱ्यानंतर तापीवरच्या धरणाचा फुगवटा शांत झाला. तिथे मासे धरणारे एक आबा होते, त्यांच्या होडीला मोटर. होडीला बांधलेला दोर हातात धरून आधी फळी ओढून घ्यायची, वल्हं नंतर, असं भाचीनं सांगितलेलं. जळगावातल्या तलावावर जायचं नानांनी नाकारलं, तिथे फिरायला येणारी माणसं बघतात म्हणून. मग रविवारी सकाळी त्यांच्या टेम्पोतून आम्ही धरणावर. मी कशाला जायचे म्हणाल, तर माझ्या बोल्टसाठी. आमच्या यांना मी तसंच सांगितलं होतं.

आणि रविवारमागून रविवार काय व्हायचं? नाना लाइफ जॅकेट घालणार, हेल्मेट घालणार, कमरेएवढ्या पाण्यात आबांच्या खांद्याला धरून फळीवर उभे राहणार. उभं राहणं जमायला लागलं होतं, हेसुद्धा थोडकं नव्हतं. एक हात आबांच्या खांद्यावर, मग नुसतं बोट, मग तेही नाही. मग आबा होडीकडे जायला निघाले की नाना म्हणणार, "थांबा. एक सूत मागे घेऊ." फळी काठावर, उलटी. एलन की, म्हणजे ती वाकडी षटकोनी किल्ली, काढायची, चारही बोल्ट ढिले, दांडा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, मागे, परत आवळायचे. तोवर वारा सुटायचा. पुढच्या रविवारी तेच एक सूत पुढे. दोर त्यांनी एकदाही हातात धरला नाही. आबा भला माणूस, पण एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हा माणूस फळी चालवायला येस का मोजायला?"

माझं डोकं तापायचं. परत येताना मी खिडकीबाहेर बघत बसायचे.  दुकानाशी मी उतरताना नाना म्हणायचे, "घट्ट नंतर, भाभी." मी दार आपटायचे.

दिवाळी आली. भाऊबीजेला अक्का धुळ्याहून आल्या. ओवाळलं, करंज्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी नानांना गाडीत घालून न्यायचं ठरलं होतं, दवाखान्याचं सगळं तयार. आमचं दुकान लाभपंचमीपर्यंत बंद. मी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "धुळ्याला जायचं ते धरणावरून जाऊ." अक्कांना वाटलं मी वेडी झाले. धरण एकीकडे, धुळं दुसरीकडे. पण त्या आल्या. नानांची कपड्यांची बॅग गाडीच्या डिकीत आणि फळी टेम्पोत.

पाणी अगदी निवांत होतं. पलीकडे बगळे. आबांनी होडी काढून ठेवलेली. नाना फळीवर उभे राहिले, आबांनी खांदा सोडला, आणि नाना म्हणाले, "थांबा."

फळी काठावर आली, उलटी झाली. नानांनी एलन की काढली आणि बोल्टच्या डोक्यात घालायला गेले. ती जाईना.  विहिरीत मुटका मारणाऱ्या, रसरसत्या पत्र्याला हात लावणाऱ्या ह्या माणसाचा हात लटलट कापत होता. मी इतके रविवार संतापत होते, आणि मला तेव्हा कुठे कळलं की त्यांना जागा सापडत नव्हती असं नाही. जागा सापडली तर चढावं लागणार होतं. चढून जमलं नाही तर मग काहीच सरकवायला उरणार नव्हतं.

मी खाली बसले आणि त्यांच्या हातून की काढून घेतली. दांडा जिथे होता तिथेच धरला आणि चारही बोल्ट आवळले. समोरासमोरचे, आळीपाळीनं, माझ्या वडिलांनी शिकवले होते तसे. शेवटचा पीळ दिला तेव्हा माझ्याच तोंडातून हुंकार निघाला. मग उठले आणि की कमरेला साडीत खोचली.

"भाभी, जागा चुकली असली तर?"

"तर पडाल. खाली पाणीच आहे."

अक्का काठावरच्या दगडावर फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.  डब्याचं झाकण घट्ट धरून होत्या.

आबांनी मोटर चालू केली. दोर ताणला. नानांचे दोन्ही हात दोरावर. फळी सरळ पळाली, आणि मग एकदम तिचं नाक वर उधळलं, बिथरलेल्या बैलासारखं, आणि नाना पाठीवर धपकन पाण्यात.  ते वर आले, खोकले, फळीला धरून पोहत काठापर्यंत आले.

"भाभी, की द्या! एक सूत मागे. बघितलं ना तुम्ही? नाक उचललं. एकच सूत!"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भाचीनंही सांगितलेलं, नाक उधळलं तर पंख मागे घ्यायचा. पण मला ठाऊक होतं, आता की दिली तर संध्याकाळपर्यंत आम्ही इथेच, आणि मग धुळं, आणि मग संपलंच.

"की मिळणार नाही," मी म्हटलं. "फळी जागच्या जागी राहील. तुम्ही सरका."

"मी?"

"तुम्ही. एक सूत पुढे. पाऊल सरकवा. पाय तुमचेच आहेत ना?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, धरणाचं का त्यांचं ते देव जाणे. मला वाटलं, आता हा माणूस जन्मभर माझ्याशी बोलणार नाही. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि आबांना हाक मारली.

ते परत फळीवर चढले. चढावरचं डावं पाऊल त्यांनी हातानं उचलून पुढे ठेवलं, एवढंसंच. मग उजवं. आबांनी या वेळी मोटर हळू उचलली. फळी पळत राहिली, पळत राहिली, आणि मग पाण्याचा तो चरचर आवाज बंद झाला. अचानक. नुसती लांबवर मोटर ऐकू येत होती. फळी पाण्याच्या वर होती. खाली एक दांडा आणि वर नाना. दोन्ही हात पुढे दोरावर, मांडीवर एकही हात नाही, आणि पाठ ताठ. दोन्ही खांदे एका पातळीत. इतकी वर्षं मी ज्यांचं नुसतं खाली-वर होणारं डोकं बघत आले, ते डोकं एका रेषेत, न हलता, पाण्यावरून चाललं होतं.

अक्कांच्या मांडीवरचा डबा खाली पडला. शेव, करंज्या, सगळं दगडांवर. त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"बाई, दखा," त्या म्हणाल्या. "आमना बाप इतलाच उंच व्हता."

मग दोर सुटला आणि नाना पाण्यात पडले. आम्ही दोघी मात्र वरच बघत होतो, जिथे ते होते तिथे.